जांभळघरच्या चुलींची मोजणी

नाथाजी शेलार पलटणीत लांगरी होता, म्हणजे शिपायांचा स्वयंपाकी. बंदूक त्यालाही मिळाली होती, पण ती बहुतेक वेळ पिठाच्या पोत्याला टेकून उभी असे. आफ्रिकेच्या वाळूत आणि इटलीच्या चिखलात त्याने सहा वर्षं दीडशे माणसांना दोन्ही वेळ जेवू घातलं. शेहेचाळीस साली तो मेढ्यापलीकडच्या डोंगरातल्या आपल्या वाडीत, जांभळघरात, परत आला. बायको लीलाबाई दोन वर्षांपूर्वीच तापाने गेली होती. ते कळवणारं पत्र चार महिने फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचलं होतं. वाचून दाखवणाऱ्या हवालदाराला त्याने ते दोनदा वाचायला लावलं आणि मग आमटीला फोडणी दिली, कारण जेवणाची वेळ झाली होती.

मूलबाळ नव्हतं. घरी धाकटा भाऊ कृष्णात, त्याची बायको शालूबाई आणि त्यांची पाच लेकरं. कृष्णात मान खाली घालून काम करणारा, कमी बोलणारा. शालूबाई कामाला वाघीण, पण थोरल्या दिराशी सुनेनं बोलायचं नाही ही तिकडची रीत, आणि ती तिने कसोशीने पाळली. काही सांगायचं झालं तर ती भिंतीला सांगे, कोंबडीला सांगे, दावणीच्या म्हशीला सांगे. ज्याला कळायचं त्याला कळे.

नाथाजीचा दोष एकच होता. भगुण्यावरचं झाकण उघडल्याशिवाय त्याला राहवत नसे. आल्या आल्या तो चुलीजवळ बसू लागला. आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चाखायचा, चिमूटभर मीठ टाकायचा, जाळ मागे ओढायचा. त्याला वाटे, आपण मदत करतोय. सात-आठ महिने शालूबाईने सोसलं. मग एका सकाळी ती म्हशीपुढे आंबोणाची पाटी ठेवता ठेवता जरा मोठ्याने म्हणाली, "तुला तरी माज्या हातचं ग्वाड लागतंय न्हवं, बाय? का तुबी मीठ मागणार?"

नाथाजी पडवीत दाढी करत होता. त्याने अर्धी दाढी तशीच ठेवून आरसा खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी पडवीच्या कोपऱ्यात तीन दगड मांडले, आणि त्या दिवसापासून त्याची भाकरी वेगळी झाली. भांडण नाही, तंटा नाही, शेताची वाटणी नाही. कृष्णात दोनदा म्हणाला, "दादा, ही काय खुळ्यावानी?" नाथाजी म्हणाला, "आरं, मला माज्या हातचीच सवय झालीया." पुढे तो विषय निघाला नाही. एकाच भिंतीच्या अलीकडे एक चूल आणि पलीकडे दुसरी. अलीकडे जेवताना नाथाजीला पलीकडचं सगळं ऐकू येई: कोण भाकरीचा पापुद्रा मागतंय, कोणाला रागे भरलंय, कोण न जेवताच झोपलंय. वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण शेलारांच्या घरात चुली दोन झाल्या असं तोंडाने कोणी म्हणत नसे. घर फुटलं असं म्हणण्यासारखंच ते.

अशी दोन वर्षं गेली.

एकोणपन्नास सालच्या चैत्रात, ऐन दुपारी, जांभळघरला आग लागली. छपरं गवताची आणि घरं एकमेकांना चिकटलेली. वारा डोंगरावरून खाली येत होता. कुठल्या घरातून ठिणगी उडाली ते पुढे कोणी शोधलं नाही, कारण प्रत्येकाच्या मनात भीती होती की ती आपल्याच घरातली असेल. माणसं वाचली, जनावरं बहुतेक रानात होती म्हणून वाचली. पण सव्वीस घरं तासाभरात गेली. संध्याकाळी बायका राखेतून तवे आणि विळ्या शोधत होत्या. नाथाजीची पलटणीची लोखंडी पेटी वाकडी झाली होती, आतले कपडे करपले होते.

दुसऱ्या दिवशी मेढ्याहून सरकारी धान्य आलं. नाचणी, जोंधळे, तूरडाळ, मिठाचं एक पोतं. मामलेदार कचेरीच्या कारकुनाने पोती देवळापुढे उतरवली आणि विचारलं, की घरोघर वाटू कुठे, घरं तर नाहीत. पाटील लालासाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर नाथाजीवर थांबली.

"नाथा, तू सरकारचं रांधलंयस. आता सरकारनं दिल्यालं रांध."

देवळाची भांडी होती, मोठी. आंब्याखाली चर खणून नाथाजीने लांब चूल केली, पलटणीत करत तशी, एका जाळावर चार भांडी बसतील अशी. पाणी आणायला गडी लावले, भाकऱ्यांना बायका. आणि जेवणाच्या वेळी तो पळी घेऊन उभा राहिला आणि ओरडला, "लायनीत या. पोरं म्होरं, म्हातारी त्यांच्यामागं, गडी शेवटी."

हरणाबाई नावाची सत्तरीची म्हातारी होती, साऱ्या वाडीची आत्या. ती म्हणाली, "आता काय आमास्नी परेड करायला लावतूस व्हय रं? डावा पाय कुठला उचलू, सांग की."

"आत्ये, तू पाय न्हाई, ताट उचल."

"ताट जळालं की माजं. वंजळीत वाढ."

त्याने केळीचं पान फाडून तिच्या हातात दिलं. लोक हसले. घरं जळाल्यानंतर जांभळघर पहिल्यांदा हसलं ते त्या वेळी.

हे नऊ दिवस चाललं. नाथाजी पहाटे चूल पेटवी आणि रात्री सगळ्यांत शेवटी जेवी. त्याचं वय पन्नाशीकडे झुकलं होतं, पण त्या नऊ दिवसांत त्याची पाठ ताठ झाली होती. भाकऱ्या थापणाऱ्या बायकांत शालूबाई होती. दोन वर्षांनी ती आणि तो एकाच जाळापाशी काम करत होते. ती त्याच्याशी बोलत नव्हतीच, पण भाकरीची चळत तयार झाली की त्याच्या हाताशी सरकवून ठेवी. सहाव्या दिवशी, आमटीचा घोट घेऊन ती हरणाबाईला म्हणाली, "आत्याबाई, आज आमटी लय झ्याक झालीया. सांगा की ज्येनी केलीया त्यास्नी."

"तू सांग की. त्यो काय साता समुद्रापल्याड हाय का आता?"

"तुमीच सांगा."

"नाथा, शाली म्हंतीया, आमटी झ्याक झाली."

"डाळ चांगली हाय सरकारची," नाथाजी म्हणाला. पण त्या रात्री तो कृष्णातच्या लेकरांच्या पंगतीत, कृष्णातच्या शेजारी जेवायला बसला. कोणी त्याला बोलावलं नव्हतं, आणि कोणी ऊठही म्हटलं नाही. पुढचे तीन दिवस तो तिथेच बसला. धाकटी पोर त्याच्या मांडीवर डोकं टेकून झोपून जाई. झोपडी पुन्हा उभी राहील तेव्हा आपले तीन दगड मांडायचे नाहीत, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं. कोणाला काही सांगायची गरज त्याला वाटली नाही. एका जाळावर नऊ दिवस जेवल्यावर आणखी काय सांगायचं?

दहाव्या दिवशी सर्कलसाहेब आले. पंचनामा झालेला होता. आता मदत ठरवायची होती. साहेब तरुण होते, चष्मेवाले, चालत आल्यामुळे धापा टाकत होते. देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी सरकारचा हुकूम समजावून सांगितला. प्रत्येक चुलीमागे एक घर धरायचं. एका घराला सरकारी जंगलातून ठरलेले वासे, खांब आणि आढं फुकट. कौलांसाठी आणि मजुरीसाठी रोख मदत दोन हप्त्यांत, पहिला लगेच, दुसरा घर उभं राहून माणसं राहायला गेल्यावर. छपराला पुन्हा गवत घालायचं नाही, कौलंच घालायची. आणि घरं पहिल्यासारखी चिकटून बांधायची नाहीत, दोन घरांत वीस हात मोकळी जागा सोडायची, म्हणजे पुन्हा आग लागली तरी एकच घर जाईल.

"चूल म्हणजे काय धरायचं, सायेब?" कोणीतरी विचारलं.

"ज्याचं वेगळं शिजतं, त्याची चूल. पंचांनी खरं सांगायचं. खोटं सांगाल तर सगळ्या वाडीची मदत अडकेल."

एवढं सांगूनही लोकांनी प्रयत्न केलेच. हंबीररावाने आपल्या तीन माणसांच्या घरात चार चुली सांगितल्या. लालासाहेब म्हणाले, "हंबीर, तीन माणसं नि चार चुली? चौथी बिडी पेटवायची व्हय?" साहेबांनी हसू दाबून एक लिहिली. कोणाचा लग्न न झालेला मुलगा वेगळा निघाला, कोणाची सासू. पंच नको म्हणत, साहेब खोडत. सकाळ अशी गेली.

मग शेलारांचं नाव आलं.

"थोरले कोण?"

"मी." नाथाजी उठून उभा राहिला, पलटणीत राहत तसा, हात मांडीला चिकटवून.

"चुली किती?"

"येक," नाथाजी म्हणाला.

तिथे बसलेल्या प्रत्येकाने आपल्या चुली वाढवून सांगितल्या होत्या, कमी सांगणारा हा पहिलाच. लालासाहेब आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागले. पंचांपैकी कोणी बोललं नाही, कारण थोरल्या भावाने भरल्या सभेत घर एक आहे म्हटल्यावर ते फुटलंय असं दुसऱ्याने कसं सांगायचं? कृष्णात बसल्या जागी काडीने मातीत रेघा ओढत होता. नाथाजीने त्याच्याकडे पाहिलं. कृष्णातने वर पाहिलं नाही. साहेबांनी दौतीत टाक बुडवला.

"दोन."

आवाज मागच्या बायकांतून आला होता. साहेबांनी मान वर केली. "कोण बोललं?"

शालूबाई दोन पावलं पुढे आली. पदर कपाळाखाली ओढलेला, नाथाजीकडे अर्धी पाठ. ती साहेबांशी बोलत होती, पण नजर देवळाच्या उंबऱ्यावर होती. "आमच्यात दोन चुली हायत. येक आमची. येक त्यांची, पडवीत. दोन वर्सं झाली."

"हे खरं काय?" साहेबांनी नाथाजीला विचारलं.

नाथाजीला खोटं बोलता आलं असतं. भावजय बायकांच्या गर्दीतून बोलली होती, तो सभेत उभा होता. साहेबांनी त्याचंच लिहिलं असतं. पण ज्या घराची चूल एक आहे असं तो म्हणत होता, त्याच घराने दोन सांगितल्या होत्या.

"व्हय, सायेब. दोन."

"मग एक का सांगितली? लोक इथे दोनाच्या चार सांगतायत." साहेबांच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं.

"चूक झाली," नाथाजी म्हणाला आणि खाली बसला.

साहेबांनी लिहिलं: कृष्णात शेलार, चूल एक, माणसे सात. त्याच्या खाली: नाथाजी शेलार, चूल एक, माणसे एक. लालासाहेबांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, कारण प्रत्येकाचं वाचून दाखवायचं असंच ठरलं होतं.

त्या संध्याकाळी नाथाजी भांडी घासत ओढ्यावर बसला होता. सरकारी धान्य संपत आलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ज्याने त्याने आपलं शिजवायचं होतं. कृष्णात आला आणि जवळच्या दगडावर बसला. बराच वेळ त्याने पाण्यात खडे टाकले.

"दादा, तिनं काय वंगाळ मनानं न्हाई क्येलं."

"मला ठावं हाय."

"येका चुलीला बारा वासं. त्यात दोन खणाचं घर व्हतंय. आमी सात. पडवी काडायची तर लाकूड उरत न्हाई. तू कुठं ऱ्हायला असतास? म्हातारपणी तुज्या डोस्क्यावर छप्पर नगं का? तिचं तेच म्हननं हुतं. म्हनली, त्ये आपल्या तोंडानं कवाच सांगायचं न्हाईत, मग आपुन सांगावं लागतंय."

"बरोबर हाय तिचं," नाथाजी म्हणाला. आणि ते खरंच बरोबर होतं. त्याने मनातल्या मनात वासे मोजून पाहिले. शालूबाईचा हिशेब चुकला नव्हता. सबंध वाडीत त्याच्या छपराची काळजी तिनेच केली होती, जन्माची रीत मोडून, चार माणसांत तोंड उघडून.

"किसना."

"काय?"

"तू का गप बसलास?"

कृष्णातने एक खडा उचलला आणि टाकला नाही. "मला कळंना, तू का येक म्हंतुयास. मला वाटलं, तुला सरकारचं फुकाट नगं आसंल. मिलिट्रीवाला मानूस तू."

नाथाजीने भगुण्याच्या बुडाला राख लावून जोराने घासायला सुरुवात केली. शेवटचे चार दिवस आपण शेजारी बसून जेवलो ते कशासाठी, हे कृष्णातला कळलं नव्हतं. त्यात कृष्णातची चूक नव्हती. आपल्याला तुमच्यात जेवायचंय, हे नाथाजीने कोणालाच सांगितलं नव्हतं. ते सांगायचं असतं, हे त्याला त्या ओढ्यावर पहिल्यांदा कळलं, आणि तेव्हा कागद साहेबांच्या दप्तरातून मेढ्याला गेला होता.

"व्हय," तो म्हणाला. "फुकाट घ्यायला कसंतरीच वाटतं."

"घ्यावं, दादा. आता आपलंच सरकार हाय."

"घेतो की."

मग जंगलखात्याचा गार्ड आला. त्याने हातोडीने झाडांवर शिक्के मारले, ज्याच्या त्याच्या नावाची झाडं वेगळी. दोघा भावांनी मिळूनच तोडली आणि मिळूनच ओढून आणली, पण खाली आणल्यावर ओंडक्यांचे ढीग दोन केले. घरांच्या जागा दोरी धरून आखल्या. जुन्या जागेवर कृष्णातचं घर बसलं. वीस हात सोडून पलीकडे हरणाबाईचं. एकाच माणसाचं घर मध्ये कशाला, म्हणून नाथाजीला वाडीच्या कडेला, आंब्याच्या खालच्या अंगाला जागा मिळाली. जागा चांगली होती. तिथून दरी दिसे आणि मेढ्याची वाट दिसे. कोणाच्या घरातलं बोलणं मात्र ऐकू येत नसे.

लहान घर म्हणून ते लवकर उभं राहिलं. वैशाख सरता सरता कौलंही चढली. सर्कलसाहेब दुसऱ्या हप्त्यासाठी तपासायला आले. घरात माणूस राहतो की नुसतं पैशासाठी उभं केलंय, हे पाहायचं होतं. ते वाकून आत आले. सारवलेली जमीन, कोपऱ्यात वाकडी लोखंडी पेटी, खुंटीला शर्ट. चुलीत गरम राख होती. साहेबांनी तिच्यावर हात धरून पाहिला आणि कागदावर खूण केली.

"पहिलं घर तुमचं पुरं झालं, नाथाजीराव. उत्तम झालंय." त्यांनी नावं पुन्हा तपासली. "माणसं एकच ना? कोणी वाढलं नाही?"

"येकच."

"इथे सही करा. ही नोंद आता पक्की. पुढे शिधापत्रिकेला, सगळ्याला हेच घर धरतील."

नाथाजीने पलटणीत शिकलेली सही केली. अक्षरं मोठी आणि सुटी होती. साहेबांनी शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला.

"त्या दिवशी तुमच्या भावजयीनं सांगितलं नसतं, तर तुम्ही उघड्यावर असता," ते म्हणाले. "बाई हुशार आहे."

"लय हुशार," नाथाजी म्हणाला.

आठवड्याने कृष्णातच्या घराचं आढं चढवायचं होतं. आढं म्हणजे छपराचा मधला कणा. ते चढवायच्या दिवशी घरातल्या थोरल्याचा हात लागावा लागतो. कृष्णात सकाळीच बोलवायला आला. "चल, दादा. तुज्याबिगर कसं चढंल?"

नाथाजी धुतलेला सदरा घालून गेला. आढ्याला हळद-कुंकू लावलं, आंब्याचा डहाळा आणि नारळ बांधला, आणि गड्यांनी दोन्हीकडून उचललं तेव्हा मधला हात त्याचा होता. बरोबर बसलं. लोकांनी कौतुक केलं. हरणाबाई म्हणाली, "दोन भावांनी चडिवलंय, आता वारं आलं तरी हलायचं न्हाई." मुलं ओंडक्यांवरून उड्या मारत होती. आतून खिरीचा वास येत होता.

जेवायची वेळ झाली तसे घरचे गडी रांजणाकडे गेले, तांब्या बुडवून पायांवर पाणी घेतलं आणि भिंतीशी बसले. नाथाजीही रांजणाकडे वळला. तेवढ्यात शालूबाई बाहेर आली. तिच्या हातात पाण्याने भरलेली घंगाळी होती. ती तिने त्याच्यापुढे जमिनीवर ठेवली, शेजारी धुतलेला पंचा ठेवला, आणि पदर सावरून दोन पावलं मागे सरकली. मग हरणाबाईला म्हणाली, "आत्याबाई, पाय धुवून घ्यायला सांगा. पाट मांडलाय."

पाहुणा आला की असंच करतात. त्यात काही उणं नव्हतं. पाणी स्वच्छ होतं, पंचा नवा होता, आगीनंतर घेतलेला बहुधा तो एकच. लेकरं दारातून बघत होती. धाकटी पोर धावत येऊन त्याच्या अंगावर पडणार, तोच आईने तिला डोळ्यांनी थांबवलं, पाहुण्याला त्रास देऊ नये म्हणून.

नाथाजीने एक एक पाय सावकाश धुतला आणि पंच्याने पुसला. पाटावर बसला. त्याच्या पानावर सगळ्यांच्या आधी वाढलं. खीर दोनदा वाढली, तो नको म्हणाला तेव्हा तिसऱ्यांदा वाढली. कृष्णात समोर बसून म्हणत होता, "घे की रं, दादा, लाजू नगंस." नाथाजी सगळं जेवला, पानात काही टाकलं नाही. हात धुतल्यावर शालूबाईने सुपारीचं तबक आतून पाठवलं. एक खांड त्याने तोंडात टाकलं.

कृष्णात त्याला पोचवायला अंगणाच्या कडेपर्यंत आला.

"लय चांगलं झालं जेवान," नाथाजी म्हणाला. "सांग घरात."

"सांगतो की. येत जा असाच."

"बरं, येतो," तो म्हणाला आणि आपल्या घराच्या वाटेला लागला.